‘होतकरू’ म्हणजे नेमके कोण?

सेवाकार्यात मदत कोणाला द्यायची हे ठरवताना आपल्या मनातली कोणती मापे आपल्या नकळत वापरली जातात, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती. प्रश्नाला धक्का न लावता ती आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची छोटी संस्था गरजू व होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. अर्ज आल्यावर गृहभेट घेऊन शिफारस करण्याचे काम माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी मी एकाच दिवशी दोन मुलींच्या घरी गेले. पहिलीचे घर आवरलेले होते, मुलगी वह्या घेऊन समोर बसली आणि विचारले त्याची नीट उत्तरे दिली. दुसरीकडे टीव्ही मोठ्याने चालू होता, मुलगी मोबाइलमध्ये डोके घालून बसली होती आणि सगळे आईच बोलत होती. मी पहिलीची शिफारस केली. यंदा जुने कागद चाळताना लक्षात आले की दुसरीचे गुण जास्त होते आणि घरचे उत्पन्न कमी होते. हे आकडे मी भेटीला निघण्यापूर्वी वाचले होते. मग ते माझ्या डोळ्यांआड कसे झाले? – एक कार्यकर्ती

उत्तर : ते डोळ्यांआड झाले नाहीत. भेटीत जे दिसले त्याने त्या आकड्यांचे वजन बदलले. पहिलीचे गुण तुम्हाला ‘कष्टाने मिळवलेले’ वाटले असतील आणि दुसरीचे ‘आज जास्त आहेत, पण टिकतील का?’ असे वाटले असेल. माहिती दोन्ही वेळा पुरेशी होती, फक्त ती वाचणारे मन मधल्या तासाभरात बदलले होते.

हे कसे घडते, याचा एक नेमका प्रयोग प्रिन्स्टन विद्यापीठातील जॉन डार्ली आणि पॅगेट ग्रॉस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना हॅना नावाच्या, चौथीत शिकणाऱ्या मुलीची चित्रफीत दाखवली. काहींना ती सुखवस्तू वस्तीत राहणारी दिसली, तर काहींना पडझड झालेल्या गरीब वस्तीत. ज्यांनी एवढेच पाहिले, त्यांनी तिची कुवत साधारण तिच्या इयत्तेइतकीच ठरवली. केवळ घर पाहून मुलीविषयी मत बनवू नये, एवढा संकोच त्यांना असावा. बाकीच्यांना मात्र पुढे आणखी एक चित्रफीत दाखवली. तिच्यात हॅना प्रश्नांची उत्तरे देत होती, कधी अवघड प्रश्नाचे बरोबर उत्तर देत होती, तर कधी सोप्या प्रश्नावर अडखळत होती. ही चित्रफीत सर्वांसाठी एकच होती. ती पाहिल्यावर, हॅनाला सुखवस्तू समजणाऱ्यांनी तिची कुवत इयत्तेपेक्षा वरची ठरवली आणि गरीब समजणाऱ्यांनी खालची, आणि दोघांनीही आपल्या मताला आधार म्हणून त्याच उत्तरांकडे बोट दाखवले.

या प्रयोगातली माझ्या मते सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी की, लोकांनी पुरावा हाती नसताना संयम पाळला आणि पुरावा मिळाल्यावर तो सोडला. सभ्य माणसाचा पूर्वग्रह असाच वागतो. त्याला निमित्त लागते आणि गृहभेट ते भरपूर पुरवते. दुसऱ्या मुलीचा मोबाइल हे तसे निमित्त होते. ती अनोळखी बाईसमोर बुजली असेल, मोबाइलवर अभ्यास करत असेल किंवा खरोखरच खेळत असेल. यांपैकी काय खरे होते ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. शिफारशीत मात्र त्याचा निकाल लागून गेला.

आता तुमच्या संस्थेच्या घोषवाक्याकडे वळू. ‘गरजू’ हा शब्द मोजता येतो: उत्पन्न किती, खाणारी तोंडे किती, आजारपण आहे का, कर्ज आहे का. ‘होतकरू’ हा शब्द मोजता येत नाही. होतकरू म्हणजे पुढे काहीतरी करून दाखवील असा. आणि पुढे कोण करून दाखवील याचा अंदाज आपण बहुधा आपल्यासारखे कोण दिसते, बोलते आणि बसते यावरून बांधतो. पाहणीचे अर्ज काढून शेवटचा शेऱ्याचा रकाना वाचून पाहा. ‘मुलाला वळण चांगले आहे’, ‘चांगल्या घरातले वाटतात’, ‘संस्कार दिसतात’, ‘फारशी गरज दिसली नाही’. मी स्वतः बरीच वर्षे असे शेरे लिहिले आहेत आणि एकदा सवड काढून माझेच जुने कागद एका बैठकीत वाचले, तेव्हा मान खाली घालावी लागली. मंजूर झालेल्या जवळजवळ प्रत्येक अर्जावर ‘नम्र’ हा शब्द होता. अर्जात नम्रतेविषयी एकही प्रश्न नव्हता.

उपाय मनाला दटावण्यात नाही. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांनी २००५ मध्ये एक प्रयोग मांडला. पोलीस प्रमुखाच्या पदासाठी दोन उमेदवार होते, एक उच्चशिक्षित आणि दुसरा रस्त्यावरच्या कामात मुरलेला. स्त्री आणि पुरुष यांच्यात पुरुष उमेदवार ज्या बाबतीत सरस असे तीच बाब लोकांना पदासाठी महत्त्वाची वाटू लागे. म्हणजे माणूस आधी ठरत होता आणि निकष मागून येत होता. पण उमेदवार पाहण्याआधीच कोणत्या गुणाला किती महत्त्व द्यायचे हे ठरवून घेतले, तेव्हा हा भेद नाहीसा झाला. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. अर्ज मागवण्यापूर्वी एका बैठकीत गुणांकन लिहून काढा: उत्पन्नाला किती गुण, शैक्षणिक गुणांना किती, घरातील अडचणींना किती. गुण देणारी व्यक्ती आणि गृहभेट घेणारी व्यक्ती वेगळी ठेवा. भेट घेणाऱ्याने अर्जातील माहिती खरी आहे का एवढेच पडताळावे, ‘कसे वाटले’ हा रकानाच काढून टाकावा. गुण देणाऱ्याच्या हाती जाणाऱ्या प्रतीवर नाव, आडनाव आणि छायाचित्र नसावे. आपल्याकडे एकटे आडनाव किती गोष्टी सांगून जाते, हे मी लिहायला नको.

आणखी एक बारकावा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतात केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या होत्या आणि मुखपृष्ठावरची जात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी बदललेली होती. कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले. हा फरक गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांत, म्हणजे तपासणाऱ्याचा हात अजून बसलेला नसताना, अधिक होता. म्हणून पहिले दहा-बारा अर्ज शेवटी पुन्हा तपासावेत.

दुसऱ्या मुलीचा अर्ज यंदा नियमात बसत असेल तर तिला स्वतःहून कळवा. पण मनाला लागले म्हणून नियम वाकवू नका, कारण त्यात तिसऱ्या कोणाचा तरी अर्ज मागे पडेल आणि ती मुलगी तर तुम्ही पाहिलेलीही नसेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून पंचवीस वर्षे सेवाकार्यात आहे. जात, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद मी आयुष्यात केला नाही. आता संस्थेतील तरुण मंडळींनी ‘नकळत पूर्वग्रह’ या विषयावर कार्यशाळा ठेवून सर्वांना उपस्थिती सक्तीची केली आहे. मला हा अपमान वाटतो. माझे काही चुकते आहे का? – एक ज्येष्ठ कार्यकर्ते

उत्तर : सर, कार्यशाळेच्या बाबतीत तुमचे फारसे चुकत नाही, स्वतःच्या बाबतीत मात्र चुकत असावे. आधी कठीण भाग सांगतो.

‘मी भेद केला नाही’ हे तुम्ही कशावरून म्हणता? आपल्या हेतूवरून. हेतू स्वच्छ होता याविषयी मला शंका नाही. अडचण अशी की नकळत घडणाऱ्या गोष्टी हेतूमध्ये शोधून सापडत नाहीत. एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी २००२ मध्ये दाखवले की, विचारातल्या निरनिराळ्या चुकांचे वर्णन वाचल्यावर बहुतेक माणसे त्या चुका आपल्यापेक्षा इतरांच्या हातून अधिक होतात असे सांगतात. इतरांना आपण वागण्यावरून पारखतो, स्वतःला मात्र मनात डोकावून, आणि तिथे पूर्वग्रह दिसला नाही की तो नाही असे धरून चालतो. त्याहून टोचणारा निष्कर्ष बेन्वा मोनँ आणि डेल मिलर यांनी २००१ मध्ये मांडला: ज्यांना आधी आपला निःपक्षपातीपणा दाखवण्याची संधी मिळाली, ते पुढच्या निर्णयात पक्षपाती वाटेल असे मत द्यायला अधिक मोकळे झाले. जणू जुन्या पुण्याईची शिल्लक खर्चायला काढावी! सेवेत आयुष्य घालवलेल्या आपणा सर्वांच्या खात्यावर ही शिल्लक मोठी असते, म्हणून धोकाही आपल्यालाच जास्त असतो.

आता तुमच्या बाजूचे. एका दुपारची कार्यशाळा घेऊन माणसे बदलतात, यावर माझाही विश्वास नाही. पॅट्रिक फॉर्शर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असे दिसले की मनातले नकळत कल चाचणीपुरते थोडेफार हलवता येतात, पण त्यामुळे वागणूक बदलल्याचा पुरावा मिळत नाही. ‘आम्ही कार्यशाळा केली’ हीच संस्थेची नवी पुण्याई होऊन बसण्याचे भय मला अधिक वाटते.

तरीही तुम्ही जा, आणि जाताना संस्थेच्या गेल्या काही वर्षांच्या नोंदवह्या सोबत न्या. मदत कोणाला मिळाली, कोणाला नाकारली आणि कोणत्या वस्तीतून एकही अर्ज आला नाही, हे तीन प्रश्न बैठकीत ठेवा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर सापडत नाही. ते ज्याला माणसे आणि वस्त्या ठाऊक आहेत अशा जुन्या कार्यकर्त्यालाच देता येते. तरुण मंडळींकडे ते नसेल.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि सुटीच्या दिवशी मुलांना शिकवायला जातो. नकळत पूर्वग्रह मोजणारी एक ऑनलाइन चाचणी मी दिली. ज्या समाजाच्या मुलांना मी शिकवतो त्यांच्याविषयीच माझ्या मनात ‘तीव्र’ पूर्वग्रह आहे, असा निकाल आला. तेव्हापासून वर्गात पाऊल टाकायला संकोच वाटतो. मी हे काम सोडावे का? – एक स्वयंसेवक

उत्तर : सोडू नका. तुमच्या वर्णनावरून ती चाचणी अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीची असावी. तिच्यात पडद्यावर येणारे शब्द आणि चेहरे दोन कळांनी वेगळे करायचे असतात. ‘चांगले’ हा शब्द एका गटाशी जोडताना हात झटकन चालतो आणि दुसऱ्या गटाशी जोडताना किंचित अडखळतो. त्या सेकंदाच्या अंशावरून निकाल काढतात. सरासरी काढून अनेकांच्या मनाचा कल समजून घ्यायला ती उपयोगी आहे. पण त्याच माणसाने काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर निकाल बराच वेगळा येऊ शकतो. ती तापमापकासारखी वापरून एखाद्या व्यक्तीचे निदान करू नये, असे ती चालवणारे संशोधकही सांगतात. लहानपणापासून कानावर पडलेल्या आणि पडद्यावर पाहिलेल्या गोष्टींचा थर त्या निकालात उतरतो. तुम्ही वर्गात काय करता ते त्यात उतरत नाही.

तुमच्या संकोचाची मला निकालापेक्षा जास्त काळजी वाटते. अपराधी वाटणारा माणूस हसतो कमी, जपून बोलतो आणि लवकर निघून जातो. मुलांना त्याचा अर्थ एवढाच कळतो की दादाला आपण आवडत नाही. त्यापेक्षा महिनाभर एक साधी नोंद ठेवा. तास संपल्यावर, आज प्रश्न कोणाला विचारला, चुकल्यावर दुसरी संधी कोणाला दिली आणि कोणाचे नाव एकदाही घेतले नाही, हे मुलांच्या यादीपुढे खुणा करून लिहा. चौथ्या आठवड्यात यादी समोर धरलीत की कोणत्या दोन-चार नावांपुढची जागा कोरी आहे ते दिसेल. पुढच्या तासाला सुरुवात त्या नावांपासून करा.

प्रश्न : आमच्या केंद्रावर दर आठवड्याला शिधावाटप असते. हात जोडून, दोन गोड शब्द बोलून घेणारी माणसे मला आपली वाटतात. काहीजण मात्र हक्काने मागतात, ‘मागच्या वेळी कमी दिले’ म्हणून वाद घालतात. त्यांना पिशवी देताना माझा हात आखडतो, हे मला जाणवते. पण कृतज्ञता नसलेल्या माणसाविषयी राग येणे हा पूर्वग्रह कसा? – केंद्रावरील एक ताई

उत्तर : राग येणे हा पूर्वग्रह नाही, त्या रागाने पिशवीचे वजन ठरणे हा आहे. हात आखडल्याचे तुम्हाला जाणवले आणि तुम्ही ते लिहिलेत, हे थोडे नव्हे.

तुमच्या रागाखाली बहुधा आणखी काहीतरी आहे. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ मध्ये केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना, दुसऱ्या एका विद्यार्थिनीला चुकीसाठी विजेचे झटके बसत आहेत असे दृश्य दाखवले (झटके खरे नव्हते). तिचा त्रास थांबवण्याची सोय दिली तेव्हा बहुतेकींनी तो थांबवला. पण त्रास पुढेही चालूच राहणार असे सांगितले, तेव्हा पाहणाऱ्यांनी तिलाच नावे ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्याचे दुःख आपल्याच्याने संपणार नाही हे कळले, की ‘त्याचेच काही चुकत असेल’ म्हणणे मनाला सोपे जाते. दर आठवड्याला तीच रांग आणि तीच गरज पाहणाऱ्या माणसाच्या मनात असे होणे अगदी साहजिक आहे. ‘यांना सवयच लागली आहे’ हे वाक्य केंद्रावर किती वेळा ऐकू येते ते मोजा. ज्या महिन्यात सामान अपुरे असते त्या महिन्यात ते वाढते का, तेही पाहा.

वाद घालणाऱ्याच्या बाजूने एक शब्द सांगतो. जो चार दारांवरून परत आला आहे, तो पाचव्या दारात गोड बोलेल अशी अपेक्षा करणे म्हणजे मदतीवर एक छुपी किंमत लावणे आहे. शिवाय मागच्या वेळी खरेच कमी दिले गेले होते का, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. तेवढे आधी पाहून घ्या.

घाईचाही हात असतो. डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांच्या १९७३ मधील प्रयोगात धर्मशास्त्राचे विद्यार्थी भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत जात होते आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी १० टक्के. त्यांतल्या काहींना नेमके परोपकाराच्या दृष्टान्तावरच बोलायचे होते, तरी त्यामुळे फारसा फरक पडला नाही. म्हणून पिशव्या आदल्या दिवशी वजन करून बांधून ठेवा, म्हणजे वाटताना ठरवायचे काही उरणार नाही. तक्रार ऐकायला वाटपाच्या जागेपासून वेगळे टेबल आणि वेगळी व्यक्ती ठेवा. आणि रांग संपेपर्यंत एकाच ताईला उभे करू नका. तासाभराने जागा बदला.

प्रश्न : माझे उलटे आहे. मी वस्तीतील मुलींचे निबंध तपासते. त्यांची परिस्थिती ठाऊक असल्याने लिखाण कसेही असले तरी मी ‘छान’ लिहिते. यालाही पूर्वग्रह म्हणायचे का? – एक वाचक

उत्तर : होय, आणि तो ओळखायला सर्वांत कठीण, कारण तो मायेच्या रूपात येतो. केंट हार्बर यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांना मुद्दाम वाईट लिहिलेले निबंध अभिप्रायासाठी दिले. लेखक कृष्णवर्णीय आहे असे वाटले तेव्हा निबंधाच्या आशयावर त्यांनी सौम्य टीका केली. व्याकरणाच्या चुका मात्र दोन्ही गटांना सारख्याच दाखवल्या गेल्या. चूक की बरोबर हे जिथे ठरलेले होते तिथे हात सरळ चालला. जिथे मत द्यायचे होते तिथे तो कचरला.

‘छान’ हा शब्द एक महिना बंद ठेवा. प्रत्येक निबंधात खरोखर चांगले जमलेले एक वाक्य अधोरेखित करा आणि ते का जमले ते समासात लिहा. मग एकच जागा दाखवून ती पुन्हा लिहून आणायला सांगा. परिस्थितीचा विचार करायचाच असेल तर तो मुदतीत करा: कोणाला दोन दिवस लागतील, कोणाला आठवडा. पुन्हा लिहिलेले पान आले की आधीचे पान शेजारी ठेवून मुलीसमोरच वाचा.